अर्ध्या गुणाचा देव

रविवारची प्रार्थना संपून बराच वेळ झाला तरी माउंट गिलाद बाप्तिस्त चर्चच्या अंगणातून कुणी हलेना. एरवी शेवटचं ‘आमेन’ तोंडातून बाहेर पडायच्या आत ही मंडळी मोटारींकडे धावतात, कारण उशीर झाला की गावातल्या हॉटेलांतली टेबलं पलीकडच्या मेथडिस्ट चर्चचे लोक अडवून बसतात आणि तळलेल्या कोंबडीचे चांगले तुकडे संपतात. आज मात्र कोंबडीची कुणाला आठवण नव्हती. सगळे एका माणसाभोवती कोंडाळं करून उभे होते. फिकट निळा सूट, पांढरे बूट, चापून बसवलेले केस आणि चेहऱ्यावर नुकतंच लग्न ठरल्यासारखं हसू. हाच तो ब्रदर वेंडल क्रम्प.

“साडेअकरा, ब्रदर वेंडल! साडेअकराच्या बाहेर म्हणालात आणि पोरं बारानं जिंकली!” एक आजीबाई त्याची बाही धरून रडत होत्या.

“मी नाही म्हणालो, सिस्टर,” ब्रदर वेंडल डोळे मिटून म्हणाला. “मी कोण? मी नुसता टेलिफोन. बोलणारा वर बसलाय.”

“आमेन!”

अलाबामाच्या या कोपऱ्यात पानगळीच्या दिवसांत देवाला आणि कॉलेजच्या फुटबॉलला सुट्टी नसते. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, चेंडू छातीशी धरून पळायचा. टालकोआ कॉलेजचा संघ शनिवारी खेळतो आणि रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी आभाराची प्रार्थना होते. हरला तर सांत्वनाची. आता बाप्तिस्त माणूस जुगार खेळत नाही, पाप आहे ते. शुक्रवारी फ्लॉइड न्हाव्याच्या दुकानात टक्कल पडलेली माणसंसुद्धा केस कापायला जातात, ती गोष्ट वेगळी. फ्लॉइड तिथं पैजा घेतो. नुसतं कोण जिंकणार यावर नाही, कारण टालकोआ एखाद्या दुबळ्या संघाला बदडणार हे शेंबड्या पोरालाही कळतं, मग पैज लावणार कोण आणि घेणार कोण? म्हणून मोठ्या शहरातून दर आठवड्याला फरकाचा एक आकडा येतो. टालकोआ साडेअकरानं पुढं, असा. टालकोआवर पैसे लावायचे तर संघानं नुसतं जिंकून भागत नाही, बारा किंवा त्याहून जास्त गुणांनी जिंकायला हवं. त्याला म्हणायचं ‘आकड्याच्या बाहेर’. संघ अकरानं जिंकला, एकानं जिंकला किंवा साफ हरला, तर ‘आकड्याच्या आत’, आणि पैसे दुसऱ्या बाजूच्या खिशात.

ब्रदर वेंडलची कमाल ही, की बाहेर की आत ते त्यानं सलग पाच शनिवार आधीच सांगितलं होतं आणि पाचही वेळा खरं निघालं होतं. गुरुवारी दुपारी त्याचा फोन चर्चमधल्या एका बाईला यायचा, ती पुढच्या बाईला फोन करायची, ती त्याच्या पुढच्या. ही प्रार्थनेची साखळी खरं तर कुणाचं ऑपरेशन, कुणाचं बाळंतपण कळवण्यासाठी होती. पण हल्ली बाळंत होणाऱ्या बायकांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आणि आज तो टेलिफोनवरचा आवाज प्रथमच सदेह अवतरला होता.

“मला सांगा,” ब्रदर वेंडलनं हात वर केले, “चेंडू घेऊन पल्ला गाठला की गुण किती?”

“सहा!”

“वर लाथ मारली की?”

“एक!”

“लांबून लाथेनं खांबांमधून घातला की?”

“तीन!”

“मग हा अर्धा कुठून आला? सांगा मला! जगातल्या कुठल्या आईच्या पोरानं कधी अर्धा गुण केलाय?”

“कुणीच नाही!”

“मग तो अर्धा कोणाचा?”

“देवाचा!”

“लहानपणी मैदानावर माझ्या अंगावर वीज पडली. मी मेलो. वर गेलो. तिथं एक गुणफलक होता, सिस्टर्स आणि ब्रदर्स. आणि त्या फलकावर,” इथं त्याचा आवाज दाटून आला, “त्या फलकावर अपूर्णांक होते!”

लांब मोटारीला टेकून व्हर्ना टिडमोर हे सगळं ऐकत होती. काउंटीच्या शाळेत ती बीजगणित शिकवायची. उभा जन्म अपूर्णांक शिकवण्यात गेला, पण तिच्या वर्गात त्यांना कधी कुणी ‘आमेन’ म्हटलं नव्हतं. तिला हसू येत होतं. मग गर्दीतून तिचा धाकटा भाऊ डॉइल तिच्याकडं येताना दिसला आणि तिचं हसू गेलं. त्याचे डोळे चमकत होते.

डॉइल टालकोआच्या संघात चार वर्षं होता, म्हणजे चार वर्षं बाकावर होता. एकदाही मैदानात उतरला नाही. नंतर लग्न केलं, तेही असंच बाकावर बसून पाहिल्यासारखं संपलं. त्याच्या नावावर धड उभी राहिलेली एकच गोष्ट होती. तळ्याकाठी स्वतः खांब रोवून, स्वतः पत्रे ठोकून बांधलेलं हॉटेल. कॅटफिश, मक्याच्या पिठाचे तळलेले गोळे आणि कोबीची कोशिंबीर. शुक्रवारी संध्याकाळी तिथं रांग लागायची.

“सिस,” तो म्हणाला, “पुढच्या शनिवारी ब्रँटली कॉलेज. ब्रदर म्हणाले, आतापर्यंत झाली ती नुसती झलक होती. मी हॉटेल गहाण टाकतोय. गुरुवारी बँकेत सही.”

“अख्खं हॉटेल?”

“अर्धं कसं टाकू? ते काय पाव आहे?”

“आणि पैशांचं काय करणार?”

“अर्धे ब्रदरच्या सेवाकार्याला. अर्धे पेरायचे.”

“पेरायचे म्हणजे फ्लॉइडकडं लावायचे.”

“सिस, चर्चच्या अंगणात असं बोलतात का?” तो दुखावून म्हणाला. मग हळूच म्हणाला, “पाचही वेळा मला आधी माहीत होतं, काय होणार ते. तुला कल्पना नाही कसं वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आतला माणूस आहे.”

व्हर्नाला भीती वाटली. पैशाची नाही, त्या शेवटच्या वाक्याची.

त्या महिन्यात पाच रविवार आले होते, हा पाचवा, आणि पाचव्या रविवारी दुपारी काउंटीतली सगळी चर्च एका ठिकाणी जमून स्तोत्रं गातात. एरवी एका चर्चचा माणूस दुसऱ्या चर्चच्या माणसाशी देवाबद्दल बोलत नाही, कारण बोलला की भांडण होतं. त्या दुपारी पियानोवर कुणी शिकाऊ मुलगी बसली होती आणि प्रत्येक स्तोत्राची हाडं मोडत होती.

“इमोजिन कुठाय?” व्हर्नानं शेडी ग्रोव्ह चर्चच्या एका बाईला विचारलं. इमोजिन शेडी ग्रोव्हची. पाचव्या रविवारी पियानो तिचाच असायचा.

“तिचं नाव नको काढूस. तिच्यापायी आमचं गेलं.”

“काय गेलं?”

त्या बाईनं इकडं तिकडं पाहिलं. “काही नाही. बटाट्याची कोशिंबीर घे ना.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर व्हर्ना इमोजिनच्या घरी गेली. इमोजिननं दार उघडलं, चहा दिला, बर्फ घातला, लिंबू पिळलं आणि बराच वेळ हवापाण्यावर बोलली. मग व्हर्नानं ब्रदर वेंडलचं नाव घेतलं आणि इमोजिनच्या हातातला पेला टेबलावर आपटला.

“तुमच्याकडंपण फोन येतो?”

“पाच आठवडे झाले. तुमच्याकडं?”

“तीन आठवडे आला. पहिल्या दोन शनिवारी अगदी बरोबर. तिसऱ्या वेळी म्हणाला आत, आणि झालं बाहेर.”

“आत?” व्हर्ना सावरून बसली. “इमोजिन, नीट आठवून सांग. तिसऱ्या वेळी आत म्हणाला?”

“माझ्या नवऱ्याला विचार. त्याची बोट गेली त्यात. बोटीतनं मासे धरून दहा वर्षांत मला जेवढं बोलला नाही, तेवढं त्या दिवशी बोलला.”

“आम्हांला त्याच सामन्याला बाहेर म्हणाला होता.”

व्हर्नानं पेला बाजूला सारला.

“चुकल्यावर पुन्हा आला फोन?”

“एकदा. म्हणाला, तुमच्यापैकी कुणीतरी शंका घेतलीय, म्हणून वरचा आवाज फाटला. मग बायका शोधायला लागल्या, कुणी घेतली. मी एकदा सहज म्हटलं होतं, देवाला फुटबॉलचं एवढं काय पडलंय. झालं.” इमोजिननं पदर नसलेल्या त्या देशात हातरुमालानं डोळे टिपले. “पुढच्या रविवारी पियानोला कुलूप होतं.”

व्हर्नाला पुढचा हिशोब करायला पाटी लागली नाही. या आणि शेजारच्या काउंटीत मिळून बाप्तिस्त चर्च बत्तीस. अर्ध्यांना बाहेर सांगायचं, अर्ध्यांना आत. ज्यांना खरं ऐकू आलं त्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. ज्यांना खोटं ऐकू आलं त्यांना त्यांच्या पापाबरोबर सोडून द्यायचं.

“बुधवारी आमच्या चर्चच्या जेवणाला ये आणि एवढंच सांग,” ती म्हणाली. “बाकीचं मी बोलते.”

“काय सांगू? भर चर्चमध्ये उभी राहून सांगू की आमच्या घरात जुगार होतो?” इमोजिननं दाराकडं पाहिलं. “शेडी ग्रोव्हमध्ये कुणी एक पैसा लावला नव्हता, व्हर्ना. विचार कुणालाही. सगळे हेच सांगतील. आणि तिथं माझं नाव घेणार नाहीस, एवढं कबूल कर.”

हीच तर त्या माणसाची खरी अक्कल होती. जिंकलेला माणूस त्याला देवाची कृपा म्हणतो आणि गावभर सांगत सुटतो. हरलेल्याला सांगायचं तर आधी कबूल करायला हवं की आपण पाप केलं. तेव्हा जिथं जुगार राजरोस चालतो तिथं ब्रदर वेंडलचं दुकान चाललं नसतं. त्याला असंच गाव हवं होतं, जिथं जुगार कुणीच खेळत नाही.

परतताना ती फ्लॉइडच्या दुकानात शिरली. बाईमाणूस आत आलेलं पाहून खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं टॉवेल थेट नाकापर्यंत ओढून घेतला.

“मिस व्हर्ना,” फ्लॉइड म्हणाला, “इथं फक्त पुरुषांचे केस कापतो मी.”

“मला एवढंच सांग, तो आकडा ठरवतात कसा? हे साडे कुठून येतं?”

फ्लॉइडनं आरशात पाहून बेतानं वस्तरा चालवला. “मी काय सांगणार? मला त्यातलं काय कळतं?”

“फ्लॉइड, तुला नववीला मी पास केलंय.”

तो ओशाळून हसला. “आकडा म्हणजे भविष्य नव्हे, मिस व्हर्ना. तराजू असतो तो. अर्धे लोक या पारड्यात बसावेत, अर्धे त्या. एका बाजूला गर्दी झाली की आकडा सरकवायचा. दोन्हीकडं सारखं वजन आलं की कोण का जिंकेना, एकाचे घेऊन दुसऱ्याला द्यायचे आणि मधे आपली दलाली.”

“आणि अर्धा?”

“पुरा आकडा ठेवला आणि नेमका तेवढ्याच फरकानं सामना सुटला, तर सगळ्यांचे पैसे परत द्यावे लागतात. उगाच हेलपाटा. अर्धा ठेवला की बरोबरीचा प्रश्नच मिटला.”

“म्हणजे देव नाही त्यात.”

“या दुकानात?” टॉवेलाखालून गिऱ्हाईकच बोललं.

मंगळवारी संध्याकाळी ती हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेली. डॉइल माशाचे तुकडे मक्याच्या पिठात घोळवत होता. तिनं सगळं सांगितलं. इमोजिनचं, बत्तीस चर्चचं, फ्लॉइडचं. तो तुकडे घोळवत राहिला.

“सिस, तुझं चुकतंय,” शेवटी तो म्हणाला. “कोण जिंकणार ते कुणीही सांगेल. मीपण सांगतो. पण किती गुणांनी? ते माणसाला कळूच शकत नाही. म्हणूनच तर हा चमत्कार आहे.”

“नेमकं उलटं आहे, डॉइल. कोण जिंकणार ते सांगायला खेळातलं थोडंतरी कळावं लागतं. मधे आकडा घातला की सगळं ज्ञान संपलं. तो आकडा घालतातच त्यासाठी, की कुठलाही सामना नाण्यासारखा व्हावा. छापा नाहीतर काटा. आणि छापा की काटा सांगायला स्वर्गात जावं लागत नाही.”

“पाच वेळा बरोबर?”

“बत्तीस लोकांतल्या अर्ध्यांना छापा, अर्ध्यांना काटा असं सांगत गेलं, की एखाद्याला पाचही वेळा बरोबर सांगितलेलं असतंच.”

“मग तो एखादा मीच का?”

याला व्हर्नाकडं उत्तर होतं: कुणीतरी असणारच, म्हणून. पण पिठानं भरलेले हात बाजूला धरून उभ्या असलेल्या भावाच्या तोंडावर ते कसं बोलायचं? ‘तू कुणी खास नाहीस’ याखेरीज त्याचा दुसरा अर्थ निघत नव्हता.

“बुधवारी ब्रदर येणार आहेत,” तो म्हणाला. “त्यांच्या समोर बोल. तिथं पटलं तर नाही टाकत गहाण.”

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण असतं, ज्यानं त्यानं घरून आणलेलं. ब्रदर वेंडलच्या ताटात सात बायकांनी आणलेले सात प्रकार होते आणि सातही बायका त्याच्या प्रत्येक घासाकडं पाहत होत्या. जेवणं उरकत आली तशी व्हर्ना उठली आणि रविवारच्या शाळेच्या फळ्यापाशी गेली.

“समजा,” तिनं फळ्यावर ३२ लिहिलं, “मी बत्तीस चर्चना फोन केला. सोळांना सांगितलं बाहेर, सोळांना आत. शनिवारी काय होईल?”

“सोळांना बरोबर, सोळांना चूक,” मागून एकजण म्हणाला. तो तिचाच जुना विद्यार्थी होता.

“चुकलेल्यांना विसरून जायचं. उरले सोळा. पुढच्या गुरुवारी आठांना बाहेर, आठांना आत.” तिनं १६ लिहिलं, ८ लिहिलं, ४ लिहिलं, २ लिहिलं, सगळ्यांत खाली १ लिहिलं. “पाच आठवड्यांनी एक चर्च उरतं. त्याला पाचही वेळा खरंच ऐकू आलेलं असतं. त्याचं नाव काहीही असू शकतं. आपलं निघालं. यात देव कुठं आला? आलं असेल तर टेलिफोनचं बिल आलं. तिसऱ्या शनिवारी आपल्याला बाहेर सांगितलं, तेव्हा दुसऱ्या एका चर्चला आत सांगितलं होतं. मला तिथल्या माणसानं सांगितलंय.”

“कुठल्या चर्चला? कोण माणूस?” कुणीतरी विचारलं.

“ते मी सांगणार नाही,” व्हर्ना म्हणाली. नाव न सांगण्याचं तिनं इमोजिनला कबूल केलं होतं.

तरी हॉलमधले काटेचमचे थांबले. डॉइलनं ताट बाजूला सारलं होतं आणि तो फळ्याकडं पाहत ओठांतल्या ओठांत मोजत होता. बत्तीस, सोळा, आठ. व्हर्नाला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, त्याला समजत होतं. शाळेतली पोरं समजलं की अशीच भुवया उंचावतात. सुटलो, असं तिला वाटलं.

तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. ब्रदर वेंडल सावकाश टाळ्या वाजवत उठत होता.

“सिस्टर व्हर्नाचे आभार माना,” तो म्हणाला. “मी आज जे सांगणार होतो ते तिनं आधीच फळ्यावर लिहून ठेवलं. केले मी बत्तीस फोन! का लपवू? वरून सांगणं झालं, यांना असं सांग, त्यांना तसं सांग. मी विचारलं का? टेलिफोन विचारतो का?” त्यानं खडू उचलला. “फार जुन्या काळी देवानं एका सरदाराला म्हटलं, तुझं सैन्य फार मोठं आहे. किती होतं ते सैन्य?”

बायबलातली ही गोष्ट तिथल्या प्रत्येकानं चड्डीत असल्यापासून पाठ केलेली. “बत्तीस हजार!” सगळे एका सुरात म्हणाले.

“किती?”

“बत्तीस हजार!”

“बत्तीस!” त्यानं फळ्यावरच्या ३२ वर खडू आपटला. “मग देवानं काय केलं?”

“चाळलं!”

“पुन्हा?”

“चाळलं!”

“आणि भित्र्यांना, शंकेखोरांना घरी परत पाठवलं, ते कुठल्या डोंगरावरून?”

मग एक हलका आवाज आला. तो डॉइलचा होता.

“गिलाद.”

“माउंट गिलाद!” ब्रदर वेंडल ओरडला. हॉलमधल्या खुर्च्या मागं सरकल्या, माणसं उभी राहिली, कुणी रडायला लागलं. त्यानं फळा पुसला नाही. व्हर्नानं सगळ्यांत खाली लिहिलेल्या १ भोवती त्यानं एक मोठं वर्तुळ काढलं आणि लोक त्या वर्तुळाकडं हात जोडून पाहू लागले.

“अरे, पण शनिवारचं काय?” व्हर्ना ओरडून म्हणाली. “आता एकच चर्च उरलंय! या वेळी नाणं एकच आहे आणि ते हवेत आहे! याला काही माहीत नाही!” कुणाला ऐकू गेलं नाही. भूमितीचं प्रमेय सिद्ध करावं आणि पोरांनी उठून त्याचीच आरती करावी, तशी तिची गत झाली. डॉइलनं जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. “पाहिलंस, सिस?” तो मायेनं म्हणाला. “तूच सिद्ध केलंस.”

गुरुवारी त्यानं सही केली. गुरुवारीच फोन आला: टालकोआ साडेसहानं पुढं, बाहेर.

शनिवारी दुपारी हॉटेलात रेडिओभोवती पन्नासेक माणसं जमली होती. मासे तळले होते, खात कुणी नव्हतं. व्हर्ना भिंतीला टेकून उभी होती. संघ आकड्याच्या आत राहिला तर डॉइलचं हॉटेल गेलं. बाहेर गेला तर हॉटेल वाचलं, पण डॉइल कायमचा त्या पांढऱ्या बुटांच्या मागं गेला. सबंध आठवडा तिनं याचा विचार केला होता. आता ऐन वेळी काही विचार उरला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, एखादा भोंदू खरा ठरावा असं तिला मनापासून वाटत होतं.

टालकोआ वीस, ब्रँटली चौदा. घड्याळात अखेरचं मिनिट. आणि टालकोआच्या पोरांनी चेंडू ब्रँटलीच्या अगदी दारात, दोन यार्डांवर नेऊन ठेवला. खोलीतली माणसं खुर्च्यांवर चढली. दोन यार्ड म्हणजे दोन पावलं. ती पडली की फरक बारा.

“घुसा! घुसा आत!” सगळे रेडिओवर ओरडत होते.

फक्त डॉइल ओरडत नव्हता. चार वर्षं बाकावर बसून त्यानं दुसरं काही पाहिलं नसेल, पण हे शंभरदा पाहिलं होतं. सामना खिशात असला की कोच काय सांगतो? घुसू नका. चेंडू हातातनं निसटेल, कुणाचा पाय मोडेल. चेंडू घ्या, गुडघा टेका, वेळ जाऊ द्या. मैदानावरच्या त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना जिंकायचं होतं आणि ती जिंकली होती. गावातल्या न्हाव्याच्या दुकानात कुठला साडे लटकलाय, याच्याशी त्यांना काय देणंघेणं?

“गुडघा टेकला,” रेडिओवरचा माणूस आनंदानं म्हणाला. “पुन्हा टेकला. संपला सामना! टालकोआ सहा गुणांनी विजयी!”

बाहेर रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजू लागले, पोरं झेंडे घेऊन धावली. आत, आपलाच संघ जिंकलेला असताना, सुतक पडलं. एकेक माणूस टोपी उचलून, कुणाच्या नजरेला नजर न देता निघून गेला. तासाभरात प्रार्थनेच्या साखळीवरून निरोप फिरला, ब्रदर वेंडलचा शेवटचा. तुमच्यापैकी कुणीतरी शंका घेतली.

डॉइल टेबलाशी बसून होता. व्हर्नानं त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.

“तू बुधवारी सगळ्यांसमोर बोललीस,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “मीच तुला बोलायला सांगितलं. माझंच चुकलं, सिस. तुझ्या अंगात ते नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.”

“डॉइल, त्यानं शेडी ग्रोव्हला अगदी हेच सांगितलं होतं. शब्दान् शब्द.”

“त्यांच्यातपण कुणीतरी शंका घेतली असेल मग.”

खरं निघालं तर देव, खोटं निघालं तर शंका. अशा माणसाला जगातलं कुठलं गणित हरवणार?

ब्रदर वेंडलला पुन्हा त्या भागात कुणी पाहिलं नाही. पोलिसांत तक्रार झाली नाही, कारण माउंट गिलादमध्ये कुणी एक पैसा लावलाच नव्हता. तेव्हा वाचकहो, उद्या कुणी तुमच्यापुढं येऊन सलग बरोबर सांगू लागला, मग तो सामन्याचा निकाल असो, शेअरचा भाव असो की पोटातलं मूल असो, तर त्यानं किती वेळा बरोबर सांगितलं ते मोजत बसू नका. त्यानं आणखी कुणाकुणाला सांगितलं, ते विचारा. ज्यांचं चुकलं ते कुठं आहेत, ते शोधा, आणि लाजेनं गप्प बसलेल्या माणसाला बोलता येईल एवढी जागा आपल्या घरात, आपल्या गावात ठेवा. भोंदूला वीज पडून मरावं लागत नाही. तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत, तेवढं त्याला पुरतं.

बँकेनं हॉटेल दुसऱ्याला विकलं. नव्या मालकानं डॉइलला मासे तळायला ठेवून घेतलं. तो वेळेवर येतो आणि तक्रार करत नाही. दर रविवारी चर्चमध्ये, प्रार्थनेसाठी कुणाचं नाव घ्यायचं आहे का असं विचारलं की तो न चुकता उठून उभा राहतो, आणि सगळ्यांदेखत, डोळ्यांत पाणी आणून, बहिणीला श्रद्धा लाभो म्हणून देवाची करुणा भाकतो. व्हर्ना त्याच्या शेजारीच बसलेली असते. सगळे ‘आमेन’ म्हणतात.